आठ मिनिटांचं कोलम

पहाटे ४.४०
मावशी बादलीतलं पाणी अंगणात शिंपडतात, त्या आवाजाने जाग येते. सुंदरपेरुमाळ कोयिल हे गाव कुंभकोणमच्या पश्चिमेला, पापनाशमच्या लगेच अलीकडचं स्टेशन. पेरुमाळ म्हणजे विष्णू, कोयिल म्हणजे देऊळ, तेव्हा गावाचं नावच पत्ता आहे. मावशी म्हणजे आईची मामेबहीण. तंजावरच्या भोसल्यांचं राज्य १८५५ मध्ये शेवटच्या राजाबरोबर संपलं, पण त्यांच्या मागे आलेल्या माणसांची मराठी या भागात अजून काही घरांत ऐकू येते. मावशींची मराठी मला निम्मी कळते. माझी त्यांना पाऊणएक कळत असावी, कारण दरवेळी हसतात.

जानेवारीचा पहिला आठवडा. मार्गळी महिना चालू आहे. या महिन्यात दारापुढचं कोलम, म्हणजे पिठाची रांगोळी, इतर दिवसांपेक्षा मोठं असतं आणि उजाडायच्या आत पूर्ण व्हावं लागतं. ट्रायपॉड ओट्यावर लावला. रस्त्यावर एकच दिवा, तोही लांब. आयएसओ १००, एफ १६, शटर बल्बवर. मावशी वाकल्या, मी बटण दाबलं. आठ मिनिटांनी त्यांनी शेणाच्या गोळ्यात भोपळ्याचं पिवळं फूल खोचून मधोमध ठेवलं आणि आत गेल्या. मी शटर बंद केलं.

फोटोत मावशी नाहीत. जिथे त्या सरकत होत्या तिथे राखाडी धूसर काहीतरी आहे, साडी म्हटली तर साडी. कोलम मात्र पूर्ण उमटलं आहे. नीट पाहिलं तर ते सगळीकडे सारखं उजळ नाही. सगळ्यात पांढरे ठिपके, कारण ते त्यांनी आधी मांडले आणि त्यांच्यावर जवळजवळ सातआठ मिनिटं उजेड पडला. त्यांच्याभोवती फिरवलेल्या रेषा फिकट. शेवटची वळणं तर डोळे बारीक केल्याशिवाय दिसत नाहीत. फुलाच्या वाट्याला वीसएक सेकंद आले, त्यामुळे मधोमध नुसती पिवळी शंका. कोणती रेघ कधी पडली याची सगळी नोंद त्या पिठात राहिली होती.

मावशींनी कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहून विचारलं, "यात मी कुठाय?"

सकाळी ६.०५
स्टेशनवर पुसायला गर्दीच नाही. दोन दूधवाले, एक शाळामास्तर वाटावा असा गृहस्थ, आणि मी. पॅसेंजर आली, मिनिटभर थांबली, गेली. शटर चार मिनिटं उघडं होतं, म्हणजे गाडी उजेडाच्या चवथाईपुरती उरली. डब्यांतून पलीकडची भातशेतं दिसतात. इंजिनाचा दिवा तेवढा जाळून गेला आहे, फोटोभर पांढरा चट्टा. अंधारात उजळ वस्तू पुसली जात नाही, हा धंद्यातला पहिला धडा मी पंधरा वर्षांत पंधरा वेळा शिकलो असेन.

सकाळी ८.००
दारासुरमचं ऐरावतेश्वर. रिक्षाने आलो. काम एका पर्यटन-पुस्तकाचं आहे आणि प्रकाशकांची मागणी एका ओळीची: देवळं हवीत, माणसं नकोत. बाराव्या शतकात दुसऱ्या राजराज चोळाने बांधलेलं हे देऊळ २००४ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. पूजाही चालू आहे, म्हणजे माणसं असणारच. पुरातत्त्व खात्याच्या वास्तूत ट्रायपॉडला परवानगी लागते. कागद खिशात होता.

आता हिशेब. सकाळच्या उन्हात एफ ११ला सेकंदाचा साठावा भाग पुरतो. भिंगापुढे दहा स्टॉपची एनडी काच लावली की उजेड हजारपटीने कमी होतो आणि शटर सतरा सेकंद उघडं ठेवावं लागतं. सतरा सेकंदांत भाविक पुसला जात नाही, नुसता सांडतो. दहावर आणखी सहा स्टॉपची काच चढवली की अठरा मिनिटं. त्यात एखाद्या दगडापुढून माणूस अर्ध्या सेकंदात गेला, तर त्या जागी जमलेल्या उजेडात त्याचा वाटा दोन हजारांत एकाहूनही कमी. तो दिसत नाही.

दिसत नाही म्हणजे, काळ्या कपड्यात असेल तर. सध्या शबरीमलैचा हंगाम आहे. काळी वेष्टी नेसलेल्या अय्यप्पा भक्तांच्या बसवर बस येतात, आणि हे लोक माझ्या धंद्याला देवाने धाडल्यासारखे आहेत: गडद दगडापुढे गडद कपडा, मागमूस राहत नाही. घोटाळा करतात ते पांढऱ्या वेष्टीतले गृहस्थ. पांढरं कापड उन्हात दगडाच्या कितीतरी पट उजेड फेकतं, त्यामुळे जरा जास्त रेंगाळले की खांबावर चुना सांडल्यासारखा डाग राहतो. तमिळनाडूत पांढऱ्या वेष्टीला टाळून फोटो काढणं म्हणजे पंढरीत टाळ टाळण्यासारखं.

रिक्षावाल्याला माझी कीव आली. रथाची चाकं आणि घोडे कोरलेला तो प्रसिद्ध मंडप मी चौकटीत घेतला होता. हा पायऱ्यांपाशी जाऊन उभा राहिला आणि येणाऱ्याजाणाऱ्याला हात करून बाजूने पाठवू लागला. शटर उघडं असताना मला ओरडायचा धीर झाला नाही. अठरा मिनिटांनी फोटोत गर्दी नव्हती, रिक्षावाला होता. दोन्ही पाय चपलांच्या अंगठ्यासकट काचेसारखे स्पष्ट, वर हळूहळू विरत गेलेला शर्ट, आणि डोक्याच्या जागी धूर.

"अण्णा," मी म्हटलं, "लोकांना चालू द्या. तुम्हीही चाला." लोक थांबू नयेत अशी माझी इच्छा आहे, हे त्याला पटायला वेळ लागला. गर्दी अडवली की ती साठते, आणि साठलेली गर्दी पुसता येत नाही. रांगेचंही तसंच. माणसं बदलतात पण जागा रिकामी होत नाही, मग देवळापुढे एक लांबलचक ढग तयार होतो.

अठरा मिनिटांच्या फोटोनंतर कॅमेरा तेवढाच वेळ आत अंधार टिपतो, सेन्सरवरचे ठिपके वजा करायला. म्हणजे तासाला जेमतेम दीड फोटो. शिवाय अठरा मिनिटांत सूर्य साडेचार अंश सरकतो आणि सावल्यांच्या कडा मऊ पडतात. तेव्हा दुसरा मार्गही चालवला: काच काढली आणि दर वीस सेकंदांनी एक असे २२ साधे फोटो घेतले. ते रात्री पाहू.

सकाळी ११.३०
पितळी डबऱ्यात कुंभकोणमची डिग्री कॉफी. दारासुरमचे ते पाय डोक्यातून जात नव्हते, कारण असे पाय जगाने आधी पाहिले आहेत. १८३८ मध्ये पॅरिसमध्ये दागेरने खिडकीतून बुलव्हार द्यू तांप्ल हा रस्ता टिपला. वाहता रस्ता, पण काही मिनिटांच्या एक्स्पोजरमध्ये गाड्या, घोडे, माणसं सगळं गेलं. उरला तो बूट पॉलिश करून घेणारा एकजण, एक पाय वर ठेवून स्थिर उभा. त्याचं नाव कोणाला ठाऊक नाही.

इथे जवळ, तंजावरात, लिनियस ट्राइपने १८५८ मध्ये बृहदीश्वराच्या विमानाच्या पायथ्याचे शिलालेख कागदी निगेटिव्हवर टिपले आणि २१ तुकडे जोडून सुमारे १९ फुटांची एक पट्टी केली. त्याच देवळाच्या भिंतीवर सरफोजी राजांनी १८०३ मध्ये भोसल्यांचा इतिहास मराठीत कोरून घेतला आहे. ट्राइपच्या कागदावर आकाश कोरं येई, म्हणून तो निगेटिव्हवर ढग हाताने रंगवी. तेव्हा फोटोशी लबाडी करणारा या जिल्ह्यातला मी काही पहिला नाही.

दुपार
ऊन सपाट. जेवलो, झोपलो.

सायंकाळी ४.४५
कुंभकोणमचं महामहम कुंड. काठाने १६ छोटे मंडप, मधे हिरवं पाणी. दोन मिनिटांच्या एक्स्पोजरमध्ये पाण्याची आरशी होते, ही शक्कल आता इतकी वापरून झाली आहे की लग्नाच्या अल्बममध्येही सापडते. तरी काढला. पायऱ्यांवरची माणसं मात्र कोणीच गेली नाहीत, कारण सगळी बसली होती. शेंगा खाणारे दोन म्हातारे इतके स्थिर की टरफलांचा ढीग वाढलेला दिसतो, हात दिसत नाहीत.

दर बारा वर्षांनी महामहमला इथे लाखो लोक स्नानाला येतात. १९९२ च्या महामहमला चेंगराचेंगरीत माणसं मेली. 'गर्दी नाहीशी करणे' हे शब्द मी दिवसभर वापरतो, त्या पायऱ्यांवर ते तोंडात आले नाहीत.

रात्री ९.१५
मावशींच्या माजघरात लॅपटॉप. दारासुरमचे २२ फोटो एकावर एक रचले. शाळेत शिकलेला मध्यक इथे कामी येतो: प्रत्येक बिंदूसाठी २२ किमती चढत्या क्रमाने लावायच्या आणि मधल्या दोघींची सरासरी घ्यायची. चालणारा माणूस एका जागी दोनतीन फोटोंतच असतो, त्यामुळे त्याची किंमत टोकाला पडते आणि गळते. निम्म्याहून जास्त फोटोंत जे एका जागी आहे ते राहतं. पांढऱ्या वेष्टीचाही डाग राहत नाही. सहली गेल्या, बसवाले गेले, मंडप रिकामा झाला.

खांबाला टेकून बसलेल्या झाडूवाल्या आजी राहिल्या. मोजलं, २२ पैकी १४ फोटोंत त्या तिथेच आहेत, मांडीवर खराटा, नजर समोर. त्यांना हाताने पुसायला मला दोन मिनिटंही लागणार नाहीत, दगड सगळा एकाच रंगाचा आहे. प्रकाशकांना फोटो आहे तसा पाठवला. दहा मिनिटांत उत्तर आलं: सुंदर, फक्त ती बाई काढता येईल का? कळवलं, नाही, मंडप झाडणाऱ्या त्याच आहेत. मानधनावर याचा परिणाम होईल, आणि तो होऊ दे.

रिक्षावाल्याचे पाय त्याच्या मोबाइलवर धाडले.

दारापुढचं कोलम दुपारपर्यंत सायकलींनी नेलं होतं. मावशी उद्या याच्या दुप्पट मोठं काढणार आहेत, म्हणजे सोळा मिनिटं. एफ २२.