विजेला पत्ता लागत नाही, पाकिटाला लागतो!

मुलांनो, तुमच्यापैकी कोण कोण एकलहऱ्याला गेलंय? नाशिकरोडवरून निघालं की गाव यायच्या आधीच उंच धुराडी दिसायला लागतात. तेच आपलं थर्मल! कागदावरचं नाव भारदस्त आहे, नाशिक औष्णिक विद्युत केंद्र. पण रिक्षावाल्यापासून मास्तरांपर्यंत सगळे नुसतं 'थर्मल'च म्हणतात. मालगाडी भरभरून कोळसा येतो, तो जळतो, पाण्याची वाफ होते आणि ती वाफ टर्बाइनला गरगरा फिरवते. किती गरगरा? मिनिटाला ३,००० फेऱ्या! तिथे २१० मेगावॉटचे ३ संच आहेत.

आता समजा, थर्मलजवळच्या एका घरात तुम्ही राहता. टेबलावर जुना डेस्कटॉप, पलंगावर ताईचा लॅपटॉप. घरात इंटरनेटची तार मात्र एकच, आणि तिच्या आतला काचेचा तंतू तर केसाएवढा बारीक. तुम्ही डेस्कटॉपवर शनीच्या कड्यांचा फोटो उघडलाय. त्याच क्षणी ताई लॅपटॉपवर त्रिकोणमितीचा व्हिडिओ बघतेय. तार एक, मागण्या दोन. मग तुमचा शनी ताईच्या त्रिकोणात का घुसत नाही?

"त्यात काय एवढं? एक्स्टेंशन बोर्डाला दोन पिना लावतो, तसंच!" असं म्हणालात ना? चुकलात. आणि गंमत नेमकी तिथेच आहे.

बोर्डाला पंखा लावला, दिवा लावला. "माझी वीज चुकून दिव्यात गेली हो," अशी तक्रार पंख्याने कधी केलीय? नाही, कारण वीज सगळी सारखीच. एकलहऱ्याची कोळशाची वीज, कोयनेची पाण्याची वीज, चंद्रपूरची वीज, सगळ्या एकाच जाळ्यात मिसळतात. ३१ डिसेंबर २०१३ पासून तर अख्ख्या देशाचं हे जाळं एकच झालं. थर्मल समोर दिसत असलं तरी तुमच्या पंख्यातली वीज तिथलीच, असं छातीठोकपणे कुणी सांगू शकत नाही. आणि पंख्याला त्याचं काही पडलेलंही नाही!

इंटरनेटचं तसं नाही. तुम्ही शनी मागितलात, तुम्हाला शनीच हवा. म्हणजे विजेला पत्ता लागत नाही, माहितीला लागतो.

शनीचा फोटो एका दमात येत नाही. आधी त्याचे तुकडे होतात. एकेक तुकडा म्हणजे एकेक पाकीट, संगणकवाल्यांच्या भाषेत पॅकेट. एका पाकिटात साधारण १,५०० बाइट मावतात. फोटो ३० लाख बाइटचा असेल, तर पाकिटं झाली दोन हजारांवर! प्रत्येकावर लिहिलेलं असतं, कुठून निघालं आणि कुठे जायचंय. कधी मागचं पाकीट आधी पोचतं, म्हणून क्रमांकही असतो. तुमचा डेस्कटॉप ती नीट क्रमाने लावतो आणि पडद्यावर शनी उगवतो.

पत्ता म्हणजे चार आकडे, मध्ये टिंबं. प्रत्येक आकडा ० ते २५५ मधला. १९८१ मध्ये हे ठरलं, तेव्हा एकूण किती पत्ते होणार होते माहीत आहे? २५६ ला २५६ ने गुणा, पुन्हा गुणा, पुन्हा एकदा गुणा. ४,२९,४९,६७,२९६! म्हणजे ४२९ कोटींहून जास्त. तेव्हा वाटलं, पुरून उरतील. पण पुढे घरोघरी संगणक आले, खिशाखिशात मोबाईल आले. फेब्रुवारी २०११ मध्ये जगाच्या मुख्य कोठारातले पत्त्यांचे शेवटचे गठ्ठे वाटून झाले. कोठार रिकामं!

मग तुमच्या घराला दोन पत्ते कुठून मिळणार? बाहेरून मिळतो एकच. तो मिळतो दिवाणखान्यातल्या त्या लुकलुकणाऱ्या डबीला, म्हणजे राउटरला. घरातल्यांना राउटर स्वतःच पत्ते वाटतो. डेस्कटॉपला म्हणतो, "तू १९२.१६८.१.२." लॅपटॉपला म्हणतो, "तू १९२.१६८.१.३." हे पत्ते फक्त घरात चालतात. शेजारच्या घरातही १९२.१६८.१.२ असू शकतो, नागपुरातल्या घरातही. काही बिघडत नाही. 'मधली खोली' प्रत्येक घरात असतेच की! पण पाकिटावर नुसतं 'मधली खोली' लिहून टाकलं, तर पोस्टमन कुठे नेणार?

म्हणून राउटर एक वही ठेवतो. कॉलनीच्या गेटवर रखवालदार बसतो ना, आल्या-गेल्याची नोंद करत? अगदी तसाच. चला, त्याच्या वहीत डोकावू.

डेस्कटॉपचं पाकीट दारात आलं. त्यावर पाठवणाऱ्याचा पत्ता १९२.१६८.१.२ आणि पुढे एक जादा आकडा, समजा ५०००१. या जादा आकड्याला पोर्ट म्हणतात. एकाच संगणकात दहा कामं चालू असतात, त्यातलं हे काम कोणतं, ते पोर्टवरून कळतं. रखवालदार घरचा पत्ता खोडतो, त्या जागी बाहेरचा पत्ता लिहितो आणि वहीत नोंद करतो: "५०००१ म्हणजे डेस्कटॉप." पाकीट गेलं भुर्र!

पाठोपाठ ताईच्या लॅपटॉपचं पाकीट आलं. आणि गंमत बघा, त्यावरही पोर्ट ५०००१! आता घोटाळा होणार? छे! रखवालदार हुशार आहे. तो ताईच्या पाकिटावर ५०००१ खोडून ५०००२ लिहितो आणि वहीत टिपतो: "५०००२ म्हणजे लॅपटॉपचं ५०००१." उत्तर आलं की वही उघडायची, ओळ शोधायची, खोडलेला पत्ता परत लिहायचा आणि पाकीट आत सोडायचं. हे सगळं तुमची पापणी लवायच्या कितीतरी आधी!

ही वहीची युक्ती १९९४ मध्ये क्येल्ड एगेवांग आणि पॉल फ्रान्सिस या दोघांनी लिहून मांडली. तिचं नाव नॅट, म्हणजे पत्ता बदलून देणं. पत्ते कमी पडणार हे दिसत होतं, तेव्हा तात्पुरता उपाय म्हणून ती आली. तात्पुरती म्हणून आलेली पाहुणी अजून मुक्काम ठोकून आहे! इंटरनेट पुरवणारी काही मंडळी तर त्यांच्याकडेही अशीच मोठी वही ठेवतात आणि कितीतरी घरं मिळून एकच पत्ता वापरतात. दरम्यान लांबलचक पत्त्यांची नवी पद्धतही आली आहे. त्यात इतके पत्ते आहेत, की ती संख्या लिहायला ३९ अंक लागतात. दोन्ही पद्धती सध्या शेजारी शेजारी नांदतायत.

घरात असा वेगळा राउटर नसायचा, तेव्हा लोक काय करत? डेस्कटॉपलाच रखवालदार करत! १९९९ मध्ये आलेल्या विंडोज ९८ च्या दुसऱ्या आवृत्तीत तशी सोयच होती. इंटरनेटची तार डेस्कटॉपला, आणि डेस्कटॉपमधून दुसरी तार लॅपटॉपला. खोट एकच. डेस्कटॉप बंद केला, की लॅपटॉपवाल्याचं इंटरनेटही गेलं. भांडणाला निमित्तच की!

आता तुमच्या मनातला प्रश्न. दोघं वापरतायत, मग वेग निम्मा होतो का? सेकंदाला १० कोटी बिट, म्हणजे १०० एमबीपीएसचं कनेक्शन घेऊ. एका पाकिटात १,५०० बाइट, म्हणजे १२,००० बिट. भागाकार करा: सेकंदाला ८,००० हून जास्त पाकिटं! ती एकमेकांत मिसळून धावतात, दोन तुमची, एक ताईचं, पुन्हा एक तुमचं. ताई वाचत बसली असेल, तर जवळजवळ सगळी वाट तुमची. दोघांनी एकदम मोठं डाउनलोड लावलं, तरच गर्दी होते आणि व्हिडिओवर ते गोल गोल चाक फिरायला लागतं.

एक छोटा प्रयोग करा. घरातल्या मोबाईलच्या सेटिंगमध्ये वायफायची माहिती उघडा आणि आयपी पत्ता, म्हणजे आपला तो चार आकड्यांचा पत्ता, शोधा. मग लॅपटॉपचा शोधा. बहुतेक घरांत पहिले तीन आकडे सारखे दिसतील, शेवटचा वेगळा. पहिले तीन म्हणजे जणू आडनाव, शेवटचा म्हणजे नाव!

आणि जाता जाता थर्मलची आठवण. राउटरची ती वही कागदाची नसते, विजेवर चालणाऱ्या स्मृतीत असते. राउटरची वीज गेली, की वही पार कोरी! कुणाचं पाकीट कुठे द्यायचं ते त्याला आठवतच नाही. वीज आली, की पहिल्या ओळीपासून नवी वही. म्हणून "नेट स्लो झालंय" म्हणत राउटरचं बटण खटकन बंद करायच्या आधी पलंगाकडे बघून एक हाक मारा, "ताई, तुझा पेपर सबमिट झाला का गं?"