रोजा रागाचाही असतो

इफ्तारला अर्धा तास उरला की बीडच्या बशीरगंज भागात गर्दी वाढते. कुणाला खजूर हवे असतात, कुणाला बर्फ, आणि प्रत्येकालाच घरी पोचायची घाई. अशात दुचाकीला दुचाकीचा धक्का लागतो, आवाज चढतात. मग कुणीतरी वडीलधारे म्हणतात, "जाने दो मियाँ, रोजा है." भांडण तिथेच विरते.

राग येतो कुठून आणि आवरतो कसा? मेंदूत दोन्ही बाजूंना खोलवर बदामाच्या आकाराचा एकेक भाग असतो. त्याला अमिग्डाला म्हणतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थच बदाम. धोका जाणवला की हा भाग शरीराला सावध करतो. छाती धडधडते, मुठी आवळतात. त्याला लगाम घालण्याचे काम कपाळामागचा मेंदू करतो. १८४८ मध्ये अमेरिकेत रेल्वेच्या कामावर फिनिअस गेज या मुकादमाच्या डोक्यातून लोखंडी पहार आरपार गेली. तो वाचला, पण पूर्वीचा समंजस माणूस तापट आणि शिवराळ झाल्याचे त्याच्या डॉक्टरांनी नोंदवले. इजा कपाळामागच्या भागाला झाली होती.

नुसत्या उपाशी राहण्याने माणूस शांत होत नाही. रक्तातली साखर उतरली की शरीर अ‍ॅड्रेनालीन आणि कॉर्टिसोल सोडते, चिडचिड वाढू शकते. रोजाची खरी परीक्षा इथेच आहे. कुणी भांडायला आले तर आपण रोजेदार आहोत एवढेच सांगावे, अशी पैगंबर मुहम्मद (स.) यांची शिकवण आहे. उभ्याने राग आला तर बसावे, तरी शमला नाही तर आडवे व्हावे, असेही त्यांनी सांगितले. या उपायांनी मधे थोडा वेळ मिळतो आणि विचाराला जागा होते. भावनेला शब्दांत नाव दिले की अमिग्डालाची प्रतिक्रिया मंदावते, असे मॅथ्यू लिबरमन यांच्या २००७ मधील संशोधनात दिसले. श्वास सावकाश सोडला तर व्हेगस मज्जातंतूमुळे हृदयाचे ठोकेही संथ होतात.

आपल्याच जिल्ह्यात अंबाजोगाईला मुकुंदराजांची समाधी आहे. त्यांच्या ग्रंथाचे नाव 'विवेकसिंधु'. कुणी सब्र म्हणो, कुणी विवेक. मनाला आवर घालण्याची शिकवण दोन्हीकडे आहे.

मात्र बाजारात आवरलेला राग पुष्कळदा घरी निघतो. भजी करपली, सरबताला उशीर झाला, की आवाज चढतो. जिच्यावर चढतो तिचाही रोजा असतो. सहरीसाठी सर्वांआधी तीच उठलेली असते आणि दुपारपासून चुलीपुढे उभी असते. खोटे बोलणे आणि वाईट वागणे ज्याने सोडले नाही, त्याच्या अन्नपाणी सोडण्याची अल्लाहला गरज नाही, असे हदीस सांगते. तेव्हा अजानची वाट पाहताना घड्याळाकडे बघत बसण्यापेक्षा तिच्या हातातला झारा घ्यावा आणि तिला घटकाभर बसू द्यावे.