पिशवीतला पंधरावा क्लब

गोल्फ शिकवण्याचे काम मुख्यतः पाहण्याचे आहे. फटका एक-दीड सेकंदात संपतो आणि मारणाऱ्याला स्वतःचे खांदे, कंबर, मनगट काहीच दिसत नाही. ते दुसऱ्याने पाहायचे आणि त्यातली एकच चूक निवडून सांगायची, एवढ्यासाठी गुरू लागतो. दहा चुका दिसत असताना नऊ पोटात ठेवणे हा या कामाचा अवघड भाग. अमेरिकेतील टेक्सासच्या हार्वी पेनिक (१९०४–१९९५) यांना तो साधला होता.

पेनिक आठव्या वर्षी ऑस्टिन कंट्री क्लबवर कॅडी, म्हणजे खेळाडूंच्या पिशव्या वाहणारा मुलगा, म्हणून लागले. १९२३ मध्ये ते तिथेच मुख्य प्रशिक्षक झाले आणि जवळजवळ पन्नास वर्षे त्या जागेवर राहिले. १९३१ ते १९६३ या काळात टेक्सास विद्यापीठाचा संघही त्यांच्याकडे होता.

त्यांची शिकवणी ग्रिपपासून, म्हणजे पकडीपासून, सुरू होई. क्लबला, म्हणजे गोल्फच्या काठीला, खेळाडूचा हात फक्त तिथेच लागतो. पकड चुकली की तिची भरपाई करायला मनगटे आणि खांदे वेडेवाकडे वळतात. मग डोळ्यांना दिसणारा दोष हा मूळ दोष नसतोच. स्विंगसाठी, म्हणजे क्लब फिरवण्यासाठी, ते तण कापायचे लांब दांड्याचे अवजार चालवून पाहायला सांगत. समोर चेंडू नसला की माणूस ताकद लावत नाही, सहज फिरवतो, आणि तीच लय क्लबला हवी असते. सराव होलजवळून, म्हणजे चेंडू घालायच्या खड्ड्याजवळून, सुरू करायचा: आधी पटिंग, म्हणजे चेंडू होलमध्ये ढकलणारे हलके फटके, आणि इतर छोटे फटके, लांबचे मागाहून.

जिभेवरही त्यांचा ताबा होता. काय टाळायचे हे सांगण्यापेक्षा काय करायचे तेवढेच ते सांगत. शिवाय गुरूने बोटभर सुधारणा सुचवली की शिष्य ती हातभर करतो, हा अनुभव गाठीशी होता. अति तेथे माती हे गोल्फइतके लवकर दुसरीकडे क्वचितच पटते.

बेन क्रेनशॉ आणि टॉम काइट हे त्यांचे दोन गाजलेले शिष्य, दोघेही ऑस्टिनचे. लहानग्या क्रेनशॉने गुरूच्या सांगण्यावरून चेंडू ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या हिरवळीवर, पोचवला आणि ‘आता होलमध्ये घाल’ असे ऐकल्यावर, तसे आधीच का नाही सांगितले, असा उलट प्रश्न केला, ही गोष्ट आजही सांगितली जाते. क्रेनशॉला खेळ उपजत होता, काइट घाम गाळणारा. पेनिक दोघांना कधी एकत्र शिकवत नसत, एकाची शिकवणी दुसऱ्याला पाहूही देत नसत. एकाचे औषध दुसऱ्याला बाधेल, ही धास्ती. १९७२ मध्ये या दोघांनी अमेरिकेचे महाविद्यालयीन विजेतेपद विभागून मिळवले. पेनिकांकडेच शिकलेल्या कॅथी व्हिटवर्थने महिलांच्या व्यावसायिक दौऱ्यात ८८ स्पर्धा जिंकल्या.

जे दिसे ते पेनिक एका लाल वहीत टिपून ठेवत. ती वही दशकानुदशके कुलपात होती. लेखक बड श्रेक यांच्या मदतीने १९९२ मध्ये तिचे पुस्तक झाले. प्रकाशकाने ९० हजार डॉलर आगाऊ मानधन ठरवले, तेव्हा ते आपल्यालाच भरायचे आहेत असा समज होऊन म्हातारा काळजीत पडला होता. पुस्तकाच्या दहा लाखांहून जास्त प्रती खपल्या. १९९२ मध्येच काइटने यूएस ओपन ही मोठी स्पर्धा जिंकली.

१९९५ च्या वसंतात क्रेनशॉचे पटिंग बिघडले होते. अंथरुणाला खिळलेल्या पेनिकांनी त्याला समोर पटर, म्हणजे पटिंगचा क्लब, चालवायला लावले आणि सांगितले ते इतकेच: आधी दोनदा नुसता सराव कर, क्लबचे डोके हातांच्या पुढे जाऊ देऊ नकोस. २ एप्रिलला ते गेले. बुधवारी ५ तारखेला क्रेनशॉ आणि काइट यांनी त्यांना खांदा दिला. गुरुवारी ऑगस्टा येथे मास्टर्स ही मोठी स्पर्धा सुरू झाली. त्याआधी तिथल्या सरावात क्रेनशॉचा जुना कॅडी कार्ल जॅक्सन याने चेंडू थोडा मागे ठेवायला आणि खांदे आवळून वळवायला सुचवले. तीही शिकवणीच होती, आणि तीही दोन वाक्यांची.

नियमाने पिशवीत १४ क्लब चालतात. ९ एप्रिलला, ४३ व्या वर्षी, १४ अंडर पारवर, म्हणजे ठरलेल्यापेक्षा १४ फटके कमी घेऊन, दुसऱ्यांदा मास्टर्स जिंकल्यावर क्रेनशॉ म्हणाला की आपल्याकडे पंधरावा क्लब होता, तो म्हणजे हार्वी. एका फटक्याने मागे राहिलेला खेळाडू होता डेव्हिस लव्ह तिसरा. त्याला गोल्फ शिकवले त्याच्या वडिलांनी, आणि ते वडील टेक्सास विद्यापीठात पेनिकांच्याच हाताखाली तयार झाले होते.