शुगर ग्लायडर: लळा लागतो तो वासाने आणि धीराने
ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनीच्या जंगलांतला शुगर ग्लायडर हा कांगारूच्या गणगोतातला, जेमतेम १०० ते १५० ग्रॅम वजनाचा निशाचर प्राणी. झाडाच्या ढोलीत तो कळपासोबत दाटीवाटीने झोपतो आणि सोबत्यांना अंगाच्या वासावरून ओळखतो. त्यामुळे त्याच्याशी मैत्रीची सुरुवातही वासानेच करावी लागते. आपण वापरलेल्या सुती कापडाचा तुकडा त्याच्या झोपायच्या पिशवीत ठेवावा, दिवसा ती पिशवी छातीशी बाळगावी. तो घाबरून करकरला, तर हात पुढे न रेटता स्थिर ठेवावा.

एकटा ठेवला की माणसाचा लळा जास्त लागतो, असे अनेकजण सांगतात. पण तो जागा असतो तेव्हा घर झोपलेले असते, आणि एकटेपणात काही ग्लायडर स्वतःचे केस उपटतात, शेपटी कुरतडतात. जोडीतला ग्लायडरही माणसाला रुळतो. फक्त त्याला रोज वेळ द्यावा लागतो. लाडाने नुसती फळे खाऊ घालणेही घातकच, कारण कॅल्शियम कमी पडले की हाडे ठिसूळ होऊन मागचे पाय लुळे पडतात. नीट सांभाळला तर तो १०-१२ वर्षे जगतो. इतकी वर्षे सोबती, योग्य आहार आणि रात्रीचा वेळ देणे जमणार नसेल, तर त्याला न पाळणेच त्याच्या हिताचे.