अलिबाग कीं मालवण ?

आमच्या यवतमाळ जिल्ह्यांत पाण्याची ओळख म्हणजे नदीची ओळख. वर्धा काय किंवा पैनगंगा काय, पावसाळ्यांत चढते आणि उन्हाळ्यांत आटते. एकाच दिवसांत दोनदां चढणारें व दोनदां उतरणारें पाणी आपल्याकडील पुष्कळांनीं पाहिलेलेंच नसतें. म्हणून समुद्रकांठीं सुटी घालविण्याचें ठरलें कीं, आपण गाडीभाडें, खोली आणि जेवण यांची चौकशी करतों. भरतीओहोटीची करीत नाहीं. ही चूक मीं स्वतः केलेली आहे, व म्हणूनच आज अलिबाग आणि मालवण या दोन गांवांची तुलना आपणांपुढें मांडीत आहें.

दोन्ही गांवांसमोर समुद्रांत शिवकालीन किल्ला उभा आहे. साम्य येथेंच संपतें. अलिबागच्या कुलाबा किल्ल्याचें काम १६८० सालीं शिवाजीमहाराजांच्या आज्ञेनें सुरू झालें व संभाजीमहाराजांच्या काळांत पुरें झालें. पुढें तें आंग्र्यांच्या आरमाराचें ठाणें झालें. या किल्ल्यास ओहोटीच्या वेळीं पायीं जातां येतें. मालवणचा सिंधुदुर्ग १६६४ ते १६६७ या काळांत कुरटे बेटावर बांधला गेला. त्याचा विस्तार सुमारें ४८ एकर असून तेथें होडीनेंच जावें लागतें. आंत शिवराजेश्वराचें मंदिर आहे. दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव अशीं गोड नांवें असलेल्या तीन विहिरीहि आहेत. चहूंकडे खारें पाणी आणि मध्यें गोडें, हें पाहून लहानमोठे सारखेच चकित होतात.

भूमीहि भिन्न आहे. अलिबागचा खडक म्हणजे आपल्याच काळ्या पाषाणाचा भाऊ; म्हणून तेथील वाळूहि काळसर. मालवणकडे तांबडा जांभा दगड लागतो, आणि जवळच तारकर्लीस कर्ली नदीच्या मुखाशीं पांढऱ्या वाळूचा लांब किनारा आहे. अलिबागेस मुंबईची छाया पडलेली आहे. रविवारीं किनाऱ्यावर जत्रा भरल्यासारखें वाटतें. परंतु शास्त्राची आवड असणाऱ्यांनीं एक गोष्ट जरूर ध्यानीं घ्यावी. मुंबईंत विजेच्या ट्रामगाड्या येणार म्हणून कुलाब्याच्या वेधशाळेंतील चुंबकीय मोजमापांत बिघाड होण्याचें भय निर्माण झालें. तेव्हां तें काम अलिबागेस नेण्यांत आलें. १९०४ पासून ही चुंबकीय वेधशाळा तेथें आहे, आणि तिच्या मूळ इमारती लोखंड टाळून बांधलेल्या आहेत.

आतां प्रवास. आपण धामणगांव किंवा बडनेरा गांठून मुंबईस जावें. तेथून मांडव्यापर्यंत बोट व पुढें सुमारें २० किलोमीटर सडक, कीं आलें अलिबाग. मालवणास जाण्यास मुंबईहून कोकण रेल्वेनें कुडाळपर्यंत आणखी एक लांबचा प्रवास, आणि मग मोटारीचा रस्ता. ही रेल्वे १९९८ सालीं पूर्ण सुरू झाली, तेव्हांपासून हा मार्ग पुष्कळ सुकर झाला आहे. पावसाळ्यांत मात्र सिंधुदुर्गाच्या होड्या बंद असतात.

आतां माझी चूक सांगतों. कांहीं वर्षांपूर्वीं मी सहकुटुंब अलिबागेस गेलों. पत्नीनें समुद्र कधींच पाहिला नव्हता. सावकाश न्याहारी उरकून अकरा वाजतां आम्हीं किल्ल्याकडे पावलें टाकलीं. निम्म्या वाटेवर पाणी गुडघ्यास लागलें, नातवानें आजीचा पदर घट्ट धरला, आणि आम्ही घाईघाईनें मागें फिरलों. किनाऱ्यावर जाळें विणीत बसलेल्या एका वृद्ध कोळ्यानें विचारलें, “काका, आज तिथि कोणती ?” मला आठवेना. पत्नी म्हणाली, “शुद्ध तृतीया.” तो म्हणाला, “मग सवादोनला भरती. पाणी आतां चढायचंच.”

हिशेब साधा आहे. तिथीचा आंकडा घेऊन त्याची पाऊणपट करावी. तो सुमारें भरतीचा तास. तृतीयेची पाऊणपट सवादोन; त्याच्या आधीं सहा तास, म्हणजे सवाआठला, ओहोटी. भरती दररोज सुमारें पाऊण तास उशिरा येते, कारण चंद्रहि तितकाच उशिरा उगवतो. वद्य पक्षांत पुन्हां एकापासून मोजावें. अष्टमीच्या सुमारास पाणी फार ओसरत नाहीं; तेव्हां पायीं जाण्याची आशा धरूं नये. हा ठोकताळा आहे. नेमकी वेळ गांवांतच विचारावी आणि परतीची वेळ ठरवूनच पाऊल टाकावें. जन्मभर मुलांना त्रैराशिक शिकविणाऱ्या मला हें गणित त्या कोळ्यानें शिकविलें !

दुसऱ्या दिवशीं विनायकी चतुर्थी होती. आठ वाजतां निघालों, ओलसर वाळूवरून चालत किल्ल्यांत पोंचलों, आणि १७५९ सालीं आंग्र्यांनीं बांधलेल्या मंदिरांत पत्नीनें गणपतीचें दर्शन घेतलें.

तेव्हां माझें मत असें : दिवस तीन-चारच असतील, बरोबर वृद्ध किंवा लहान मुलें असतील, तर अलिबाग, मात्र रविवार टाळावा व पंचांग जवळ ठेवावें. हाताशीं आठवडा असेल, शांतता हवी असेल, सोलकढी आणि माशांची आवड असेल, तर मालवण. कोणतें गांव अधिक सुंदर हा प्रश्न मागाहून. ही सुटी घरांतील कोणासाठीं आहे, तें आधीं ठरवा. पुष्कळदां उत्तर त्यांतच सांपडतें.