एकट्याची नौका, अनेकांचा हात

पारोळ्याहून समुद्र दूर आहे. बोरी नदीच्या खोऱ्यातील, धुळे-जळगाव महामार्गावरील या गावाची ओळख भुईकोट किल्ला आणि बाजारपेठ अशी आहे. तरीही खानदेशातील व्यापाऱ्याला समुद्र अगदीच परका नव्हता. बऱ्हाणपूरहून सुरतेकडे जाणारा जुना व्यापारी मार्ग याच प्रदेशातून जाई, आणि १७ व्या शतकात सुरतेच्या वीरजी व्होरा यांच्यासारखे जैन सावकार दूरदूरच्या बंदरांशी व्यवहार करीत. ते स्वतः जहाजावर चढत नसतील. परंतु जहाज बांधणारा, ते हाकणारा तांडेल आणि पलीकडच्या बंदरातील आडत्या या तिघांवर त्यांचा विश्वास असे. अशाच विश्वासाच्या आधाराने आपल्या काळात एका मराठी माणसाने शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली.

त्यांचे नाव कमांडर दिलीप दोंदे. भारतीय नौदलातील या अधिकाऱ्याने १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबई सोडली आणि १९ मे २०१० रोजी ते परतले. फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅनली आणि केपटाऊन या चार बंदरांतच त्यांनी मुक्काम केला. असा प्रवास करणारे ते पहिले भारतीय ठरले. या प्रदक्षिणेचे नियम कडक असतात. ज्या बंदरातून निघावे तेथेच परतावे, सर्व रेखांश ओलांडावेत, विषुववृत्त किमान दोनदा पार करावे, कोणत्याही कालव्यातून जाऊ नये आणि एकूण अंतर २१,६०० सागरी मैलांहून अधिक असावे. सुएझ किंवा पनामाचा जवळचा मार्ग मिळत नसल्याने नौकेला दक्षिणेकडील वादळी महासागरातून, केप हॉर्नला वळसा घालूनच यावे लागते.

कल्पना, नौका आणि गुरू

ही कल्पना व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांची. सुरतेत जन्मलेले, १९७१ च्या युद्धात वीरचक्र मिळवलेले आवटी निवृत्तीनंतर फलटणजवळच्या विंचुर्णी गावी राहत. भारतीय माणसाने, भारतात बांधलेल्या नौकेतून ही प्रदक्षिणा करावी, असा त्यांचा आग्रह होता. नौदलाने २००६ मध्ये इच्छुक अधिकाऱ्याचा शोध घेतला, तेव्हा दोंदे पुढे आले.

नौका बांधण्याचे काम गोव्यात मांडवी नदीतील दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात झाले. इतक्या मोठ्या शिडाच्या नौकेचा अनुभव या कारखान्याला पूर्वी नव्हता. तरीही ५६ फुटी नौका तयार होऊन फेब्रुवारी २००९ मध्ये नौदलाच्या ताब्यात आली. मांडवीच्याच जुन्या नावावरून तिला ‘म्हादेई’ म्हटले गेले. सहा महिन्यांनी त्याच नौकेवर एका माणसाचे प्राण अवलंबून राहणार होते. त्यामुळे प्रत्येक जोड, प्रत्येक दोर पारखून घेण्यास पर्याय नव्हता. मुख्य मोहिमेपूर्वी दोंदे मॉरिशसपर्यंत जाऊन परतीचा प्रवास एकट्याने करून आले. मोठा व्यवहार करण्यापूर्वी लहान व्यवहाराने पारख करण्याचीच ही रीत होय.

मार्गदर्शन मिळाले सर रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांचे. कोठेही न थांबता एकट्याने जगाला वळसा घालणारे ते पहिले. १९६८-६९ मधील त्यांच्या ३१२ दिवसांच्या प्रवासातील ‘सुहाली’ ही सागवानी नौका मुंबईत बांधलेली होती, ही गोष्ट आपल्याकडे फारशी ठाऊक नाही.

नौकेवरचे घर

अशा नौकेवर माणूस एकटाच स्वयंपाकी, दुरुस्तीवाला, हवामान वाचणारा आणि सुकाणू सांभाळणारा असतो. सलग झोप मिळत नाही. तुकड्यातुकड्यांनी घ्यावी लागते, कारण नौका रात्रीही चालूच असते. शिधा आणि गोडे पाणी मोजून वापरावे लागते. फाटलेले शीड वेळीच शिवले नाही तर पुढच्या वादळात ते पूर्णच हातचे जाते. रोजची नोंद रोज करणाऱ्या आणि किरकोळ तूटही शोधून काढणाऱ्या पेढीला ही शिस्त अनोळखी वाटणार नाही.

दोंदे बंदरात पोहोचत, तेव्हा दुरुस्तीच्या मदतीला अभिलाष टॉमी हे तरुण अधिकारी हजर असत. त्याच टॉमी यांनी नोव्हेंबर २०१२ ते मार्च २०१३ या काळात ‘म्हादेई’तूनच, कोठेही न थांबता एकट्याने प्रदक्षिणा पूर्ण केली. पुढे दोंदे यांनी ‘तारिणी’ नौकेवरील सहा महिला अधिकाऱ्यांना तयार केले. २०१७-१८ मध्ये त्यांनीही प्रदक्षिणा केली. ‘तारिणी’ही दांडेकरांच्याच कारखान्यातली. २०२४-२५ मध्ये तिच्यातून दिलना के. आणि रूपा ए. या दोघीच जगाला वळसा घालून आल्या.

धाडस की अविचार?

हा प्रश्न कोणत्याही घरात उठेल, आणि तो उठायलाच हवा. २०१८ मध्ये एका जागतिक स्पर्धेत टॉमी यांची ‘थुरिया’ दक्षिण हिंदी महासागरात वादळात सापडली. डोलकाठ्या मोडल्या, टॉमी यांच्या पाठीच्या कण्याला गंभीर इजा झाली आणि ते नौकेतच अडकून पडले. संदेशाचे साधन चालू होते, म्हणून त्यांचा ठावठिकाणा कळला. २४ सप्टेंबरला फ्रेंच जहाज ‘ओसिरिस’ने त्यांना बाहेर काढले. शस्त्रक्रिया आणि दीर्घ उपचारांनंतर त्यांनी पुन्हा त्याच स्पर्धेत भाग घेतला आणि एप्रिल २०२३ मध्ये दुसरा क्रमांक मिळवला.

समुद्राने कोणालाही अभय दिलेले नाही. जोखीम पूर्णपणे टाळता येत नाही. ती मोजता येते आणि तिची तरतूद करता येते. दोंदे यांनी तीन वर्षे तयारीला दिली आणि नऊ महिने प्रवासाला. खर्चाच्या बाजूला तयारी अशी आधी मांडली, तर धाडस अविचार ठरत नाही.

आपल्या घरातील मुलगा किंवा मुलगी पेढीबाहेरची अनोळखी वाट धरू पाहते, तेव्हा वडीलधाऱ्यांना काळजी वाटणे स्वाभाविक आहे. अशा वेळी नकार देण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात: तुला शिकवणारा कोण, तुझी साधने पारखली कोणी, आणि संकटात हाक कोणाला देशील? दोंदे यांच्यापाशी या तिन्हींची उत्तरे होती. मुलांपाशीही ती असतील, तर आपला आशीर्वाद राखून ठेवण्याचे कारण नाही. आणि नसतील, तर ती शोधण्यास त्यांना मदत करणे हे घराचेच काम आहे.