शेळगावचा माळ, उजनीचं पाणी

पुण्याहून सोलापूर रस्त्याने निघालेली दुर्बीणवाली मंडळी भिगवणला वळतात, रोहित पाहतात, चिलापीवर ताव मारतात आणि अंधाराच्या आत परततात. इंदापूर तालुका त्यांच्या लेखी तिथेच संपतो. वालचंदनगरच्या बाजूचं शेळगाव कुणाच्या यादीत नसतं. खरं तर एक रात्र काढावी ती इकडेच, कारण उजाडताना जे दिसतं ते पुण्याहून येऊन गाठता येत नाही.

पाऊस इथे जेमतेम, वर्षाला साधारण ५०० मिलिमीटर. इंग्रजांच्या काळातल्या नीरा डाव्या कालव्याने या पट्ट्याचे दोन भाग केले आहेत. पाटाचं पाणी पोचतं तिथे ऊस, निमगाव केतकीकडे विड्याच्या पानांचे मळे. पाणी चढत नाही तिथे माळ. शेळगावजवळच्या कडबनवाडीचं गवताळ रान हा त्याच माळाचा तुकडा.

वनखात्याने जानेवारी २०२४ मध्ये कडबनवाडीला आणि बारामती तालुक्यातल्या शिर्सुफळला गवताळ सफारी सुरू केली. ऑनलाइन नोंदणी करायची, ठरलेल्या वाटेनेच जायचं, सोबत स्थानिक वाटाड्या. ताडोब्याची सवय असलेल्याला पहिला अर्धा तास काहीच दिसत नाही. पवन्या, कुसळी, मधूनच हिवर किंवा बोर, आणि वर भलंमोठं आभाळ. मग वाटाड्या बोट दाखवतो आणि गवताच्याच रंगाचं काहीतरी मान वळवतं. चिंकारा! मादीलाही शिंगं असतात, नरापेक्षा बारीक. पाणवठा लांब असला तरी त्याचं अडत नाही. पाल्यातल्या ओलाव्यावर आणि दवावर तो बराच काळ काढतो. धोका जाणवला की पाय आपटतो, शिंकल्यासारखा आवाज काढतो आणि पळत सुटतो.

लांडगा दिसणं नशिबाचा भाग. खोकड मात्र सकाळच्या उन्हात बिळाशी बसलेलं सापडतं. जमिनीकडे नीट पाहणाऱ्याला धाविक, माळटिटवी, चंडोल, पखुर्डी भेटतात. हिवाळ्यात मध्य आशियातून भोवत्ये येतात. हे शिकारी पक्षी दिवसभर गवतावरून कमी उंचीवर तरंगत फिरतात आणि रात्री झाडावर न जाता गवतातच, जमिनीवर झोपतात. म्हणून गाडी वाटेबाहेर घालायची नाही आणि खाली उतरून गवत तुडवायचं नाही.

माळाला सरकारी कागदावर बरीच वर्षं ‘पडीक’ म्हटलं गेलं आणि पडीक म्हटलं की खड्डे खणून झाडं लावायची हौस आली. या जमिनीला झाडांची दाटी नको, गवत हवं. गवत राहिलं तर चिंकारा राहील आणि धनगरांच्या मेंढ्यांनाही चारा मिळेल. लांडग्याची अडचण निराळी आहे. गावाकडची मोकाट कुत्री माळावर वाढली, आणि पुणे जिल्ह्यात कुत्रा-लांडगा संकर झाल्याचं अभ्यासकांनी जनुकीय तपासणीतून दाखवून दिलं. सफारीला जाताना उरलंसुरलं खाणं माळावर टाकू नये ते यासाठीही.

दुपार झाली की पाण्याकडे निघावं. भीमेवरचं उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झालं आणि इंदापूरच्या उत्तर कडेची गावं पाण्याखाली गेली. जुन्या पळसदेवचं हेमाडपंती देऊळ त्यातलंच. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की ते उघडं पडतं, धरण भरलं की पुन्हा बुडतं. रोहित, पट्टकदंब आणि चित्रबलाक पाहायचे तर कुंभारगाव किंवा डिकसळच्या काठावर जावं. तिथले मासेमार आता पक्षी दाखवायला नाव हाकतात, आणि कुठला थवा कुठे उतरतो हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नाही. जीवरक्षक जाकीट मात्र मागून घ्यावं आणि घालावं. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी कळाशी-कुगाव दरम्यान वादळी वाऱ्यात बोट उलटून ६ जण बुडाले. वळवाच्या दिवसांत दुपारनंतर पाण्यात उतरूच नये.

बेटासारखी जागा हवी असेल तर तालुक्याच्या आग्नेय टोकाला नीरा नरसिंहपूर आहे. एका बाजूला भीमा, दुसऱ्या बाजूला नीरा, पुढे संगम आणि पलीकडे सोलापूर जिल्हा. लक्ष्मी-नृसिंहाचं देऊळ आणि त्याखालचा दगडी घाट पाहायला तासभर सहज जातो.

यायचं कधी? रोहित आणि भोवत्ये हवे असतील तर डिसेंबर ते फेब्रुवारी. हिरवा माळ हवा असेल तर पावसाळा संपताना. वारीच्या दिवसांत तुकोबांची पालखी बेलवडीचं गोल रिंगण करून अंथुर्णे, शेळगाव फाटा, निमगाव केतकी अशी इंदापूरकडे जाते. त्या दोन दिवसांत या रस्त्यावर मोटार घेऊन येऊ नये. आलात तर चालत या.